रिलीव्हरच्या जागी कोण

"पोरगं कंपनीत नक्की काय करतं?" असं पोरीच्या वडिलांनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडात पोहे होते. मी घास गिळेपर्यंत आमच्या वडिलांनी उत्तर देऊन टाकलं.

"समदं करतंय. त्याला येत न्हाई असं कंपनीत कायच न्हाई."

तिचे वडील चाकणच्या मार्केटात कांद्याचे अडते. ढिगातला कांदा उचलून अंगठ्यानं दाबून बघतात, तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पुढचा प्रश्न टाकला. आमच्या पट्ट्यात हा प्रश्न आता पत्रिकेच्याही आधी येतो. "परमनंट हाय का?"

"दिवाळीपत्तुर लेटर येतंय," वडील म्हणाले.

पोरीला काही विचारायचं का, असं कोणीतरी रीत म्हणून म्हणालं. तिनं मान वर केली आणि सरळ मला विचारलं, "रोज एकाच ठिकाणी काम असतं, की बदलतं?" आजवर कोणी असं विचारलं नव्हतं. मी म्हणालो, बदलतं. ती म्हणाली, "बरंय मग, कंटाळा येत नसेल." मला ती तिथंच आवडली, आता लपवून काय उपयोग. सुपारी फुटली. लग्नाची तारीख मात्र लेटर हातात पडल्यावर, असं चार माणसांत ठरलं.

वडील खोटं बोलले नव्हते. चाकणजवळच्या त्या कंपनीत गाड्यांच्या सीट बनायच्या आणि तिथं मला खरोखर सगळं येत होतं. माझं पद होतं रिलीव्हर. दोन लाइनी, एक पुढच्या सीटची, एक मागच्या सीटची, आणि शेवटी दोन्हींची तपासणी. सगळी मिळून नऊ स्टेशनं, नऊ माणसं. सीटचा सांगाडा एकाकडून दुसऱ्याकडे सरकत जातो. कोणी फोम बसवतो, कोणी कव्हर ओढतो, कोणी वाफेच्या इस्त्रीनं सुरकुत्या काढतो, कोणी एअरबॅगचे बोल्ट आवळतो. यातल्या कोणाला लघवीला लागली की तो डोक्यावरची दोरी ओढायचा, पिवळा दिवा लागायचा आणि मी पळत जाऊन त्याच्या जागी उभा राहायचो. कोणाची आजी वारली, कोणाचं पोरगं तापलं, कोणाची बस मोशीत अडकली, तर तो अख्खा दिवस त्याच्या जागी मी. तीन वर्षं असा नाचलो. मला स्वतःला लघवीला लागली तर काय, हा प्रश्न त्या तीन वर्षांत कोणाला पडला नाही. मलाही नाही. मी पाणीच कमी प्यायचो.

लाइनच्या तोंडाशी एक पांढरा बोर्ड होता. आडव्या ओळीत माणसं, उभ्या रांगेत स्टेशनं आणि प्रत्येक चौकटीत एक वर्तुळ. नुसतं शिकत असाल तर वर्तुळाचा पाव भाग काळा. कोणाच्या नजरेखाली करत असाल तर अर्धा, एकट्यानं करत असाल तर पाऊण. दुसऱ्याला शिकवण्याइतकं येत असेल तर पूर्ण काळं. अर्ध्याला पोरं करंजी म्हणायची आणि पूर्णाला लाडू. सगळ्या कंपनीत नऊच्या नऊ लाडू फक्त माझ्या ओळीत होते. पाहुणे आले की साहेब लोक त्यांना बोर्डापाशी आणायचे, माझ्या ओळीवर बोट ठेवायचे, आणि मी लांबून कोणाची तरी कव्हरं ओढता ओढता ते बघायचो. छाती फुगायची. मूर्ख होतो.

त्या वर्षी होळीनंतर जपानहून एक सल्लागार आले. वय पंचेचाळिशीच्या आसपास, उजव्या पायानं किंचित लंगडत. आम्ही त्यांना 'सान' म्हणायचो. सान हा खरं तर नावापुढे जोडायचा मान, पण आम्ही तेच त्यांचं नाव करून टाकलं. त्यांच्याबरोबर एक दुभाषी मॅडम असायच्या, निगडी प्राधिकरणातल्या. पुण्यात जपानी शिकलेल्या आणि स्वभावानं फटकळ.

सानचं जेवण दहा मिनिटांत उरकायचं. मग ते कंपनीच्या मागं, जिथं बस उभ्या असतात तिथं जायचे आणि कंपाउंडच्या भिंतीवर फुटबॉल मारत बसायचे. एकदा चेंडू उडून माझ्याकडे आला. उजव्या बाजूला बसचं चाक होतं, म्हणून मी तो डाव्या पायानं परत मारला. सान थांबले. चेंडू पुन्हा माझ्याकडे ढकलून त्यांनी उजव्या पायाकडे बोट केलं. मी उजव्यानंही मारला. ते मोठ्यानं हसले आणि मॅडमला काहीतरी म्हणाले.

"म्हणताहेत, बोर्डावर नऊ लाडू ज्याचे, तो तूच ना?" मॅडम बसच्या सावलीत डबा उघडत म्हणाल्या. "आणि लाडू शब्द यांना कोणी शिकवला रे? मी नाही शिकवला."

तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत आमचं रोजचं झालं. सान चेंडू मारता मारता बोलायचे, मॅडम घास घेता घेता मराठीत सांगायच्या. मध्येच वैतागून म्हणायच्या, "माझी भाजी गार होतेय, लवकर आटपा दोघंही." असं करत करत तीन-चार महिन्यांत मी त्या माणसाची अख्खी कारकीर्द ऐकली. सान पगारी फुटबॉलपटू होते. चांगली सतरा वर्षं.

समुद्राकाठच्या लहान गावातला पोरगा. शाळेच्या टीमचा फॉरवर्ड. गोल मारायचा, एवढंच येत होतं आणि तेवढंच आवडत होतं. शाळा संपल्यावर एका कारखान्याच्या गावातल्या क्लबानं घेतलं. क्लब मोठा नाही, दुसऱ्या श्रेणीतला. पण फॉरवर्ड म्हणून घेतलं, करारात तसं लिहिलं. पहिला हंगाम सुरू व्हायच्या आधीच सरावात डावा बॅक पाय मोडून घेऊन बसला. कोचनं सगळ्यांना ओळीत उभं केलं आणि विचारलं, डावीकडे मागं खेळायला कोणाला येतं का? कोणी बोलेना. मैदानावर एवढी शांतता, की ती सहन होईना, असं सान म्हणाले. त्यांनी हात वर केला.

"येत होतं?" मी विचारलं.

"अजिबात नाही," मॅडमनी सांगितलं.

मग तो हात पुन्हा खाली आलाच नाही. उजवा बॅक दुसऱ्या क्लबात गेला, सान उजवीकडे. मधला खेळाडू आजारी पडला, सान मध्ये. बचावातला म्हातारा झाला, सान त्याच्या जागी. सामन्याच्या आदल्या दिवशी भिंतीवर यादी लागायची. बाकीचे आपलं नाव आहे का ते बघायचे, सान आपलं नाव कुठं आहे ते बघायचे. चार क्लब बदलले. प्रत्येकानं याला सगळं येतं म्हणून घेतलं, आणि ज्याला एकच गोष्ट येते असा चांगला माणूस मिळाला की यांना तिथून उचलून दुसऱ्या भोकात बसवलं. एकदा तर गोलकीपरला लाल कार्ड मिळालं, बदली खेळाडू संपलेले. कोचनं यांच्याकडे नुसतं बघितलं. सान त्याचे घामेजलेले हातमोजे घालून शेवटची अकरा मिनिटं गोलात उभे राहिले. दोन गोल खाल्ले. ते दोन गोल ते मला भिंतीपाशी उभं राहून हातवारे करून दाखवायचे. पहिला कुठून आला, दुसरा कुठून. मारलेल्या गोलांपैकी त्यांनी मला एकही कधी दाखवला नाही.

पुढे गुडघा गेला. पहिल्याच क्लबात परत येऊन त्यांनी शेवट केला. त्या क्लबाच्या मागं कंपनी होती ती सीटची. कंपनीनं त्यांना कामावर घेतलं आणि छत्तिसाव्या वर्षी, वीस-वीस वर्षांच्या पोरांत, ते कव्हर ओढायला उभे राहिले. तिथंही सगळी स्टेशनं शिकले. सवयच ती.

एक गोष्ट त्यांनी सगळ्यात शेवटी सांगितली. क्लबाला बरीच वर्षं झाली म्हणून प्रेक्षकांकडून मतं मागवली होती, आजवरच्या खेळाडूंतून सगळ्यात चांगले अकरा निवडा. प्रत्येक जागेसाठी एक नाव. सानना सहा जागांसाठी मतं पडली. डाव्या बॅकसाठी दुसरा नंबर, मधल्या जागेसाठी दुसरा, कुठं तिसरा. पहिला कुठंच नाही. अकरांत नाव आलं नाही.

"पण सगळी मिळवली तर?" मी म्हणालो.

मॅडमनी विचारलं, साननी उत्तर दिलं, आणि मॅडमनी डब्याचं झाकण लावत मला सांगितलं, "सगळी मिळवली तर यांनाच सगळ्यात जास्त. पण ती बेरीज कोणी केली नाही. यांनी घरी बसून केली."

मी हसलो. मला वाटलं, प्रत्येक म्हातारा क्रिकेटवाला सांगतो तसंच हे. सान हसले नाहीत. बोर्ड ज्या बाजूला होता तिकडे हात करून त्यांनी दोनच शब्द उच्चारले, "नऊ लाडू. डेंजर." याचं भाषांतर करायची मॅडमना गरज पडली नाही.

पंधरा दिवसांनी नोटीस लागली. आमच्या बॅचची तीन वर्षं संपत होती. परमनंट करायला सहा जागा. दोन्ही लाइनींचे आणि तपासणीचे लीडर प्रत्येकी दोन नावं देतील. नाव ज्या स्टेशनासाठी दिलं ते स्टेशन समोर लिहायचं. बाकीच्यांना रामराम. मी नोटीस दोनदा वाचली. स्टेशन समोर लिहायचं. माझं कुठलं लिहिणार?

पुढच्या सीटच्या लीडरला गाठलं. चहाच्या मशीनपाशी उभा होता. म्हणालो, "भाऊ, माझं नाव देताय ना?"

"अरे तुझं तर नक्कीच होणार राव," तो म्हणाला. "पण तू मागच्या लाइनवर जास्त असतोस. ते देतील की. माझी पोरं मी सोडून कशी देऊ?"

मागच्या सीटचा लीडर म्हणाला, तू तर तपासणीत तयार झालास, त्यांचा तुझ्यावर पहिला हक्क. तपासणीवाल्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "भावा, तुझ्यासारखा माणूस न्हाई सगळ्या कंपनीत. पर माझ्याकडं दोनच नावं हायती आन् ती दोघं रोज माझ्याकडंच उभी असत्यात. तुला कोण डावलंल? पुढच्या लाइनवाले देत्याल बघ."

तिघंही खोटं बोलत नव्हते, हे सगळ्यात वाईट. तिघांनाही मनापासून वाटत होतं की दुसरा देईल. मी पुन्हा पहिल्याकडे गेलो. म्हणालो, मग मला आजपासून कुठंतरी एकाच स्टेशनला लावा, तेच नाव द्या. तो हबकलाच. "आणि मग रिलीव्हर कोण होणार? तुझ्यावाचून लाइन बंद पडेल माझी!" म्हणजे माझ्यावाचून लाइन बंद पडेल म्हणून मला कायम करता येत नव्हतं. घरी जाताना बसमध्ये मी हे वाक्य उलटसुलट करून बघितलं. कुठूनही धरलं तरी ते तसंच राहत होतं.

तिचा फोन यायचा रविवारी. सुरुवातीला आम्ही पिक्चर, हॉटेल असलं काही बोलायचो. आता ती पहिलंच विचारायची, "काही कळलं?" मी म्हणायचो, होईल. एका रविवारी ती म्हणाली, "अहो, होईल म्हणजे कधी? पप्पांकडं एक स्थळ आलंय. पोरगा परमनंट आहे, गाडीच्या दाराला कड्या बसवतो म्हणे. आठ वर्षं तेवढंच करतो."

"मग?"

"मग काय. मी न्हाई म्हणाले. पण मी कितींदा न्हाई म्हणू?"

त्या आठवड्यात मी वेड्यासारखा वागलो. झोप उडाली. वडिलांवर ओरडलो, समदं करतंय असं कशाला सांगितलंत म्हणून. बिचारे उठून अंगणात गेले. जिच्याशी कधी वाकडं बोललो नाही त्या आईवर डबा नीट भरला नाही म्हणून भडकलो. आणि एका दुपारी बसच्या मागं जाऊन, मॅडम जेवत असतानाच, सानपुढं हात जोडले. लाज वाटली नाही. मॅडमनी घास खाली ठेवला. मी काय म्हणतोय ते त्यांनी जपानीत सांगितलं, आणि मला वाटतं मी म्हणालो त्याहून थोडं जास्तच सांगितलं.

सान वर ऑफिसात गेले. काय बोलले ते मॅडमनी नंतर सांगितलं. तीन लीडरांचे तिन्ही कागद त्यांनी मागून घेतले आणि विचारलं, याला किती जणांनी आपल्या दोघांच्या खालोखाल धरलंय? दोन नावांखाली तिघांनीही माझ्याबद्दल शेरा लिहिला होता, जागा असल्यास याचा विचार व्हावा. सान म्हणाले, बेरीज करा. असं कधी कोणी केलं नव्हतं. मग साहेबांनी ठरवलं की मला मुलाखतीला बोलवायचं. उद्या सकाळी साडेअकराला, दहा मिनिटं. पटलं तर एक सातवं नाव घालू.

मी त्या दिवशी आळंदीला गेलो नाही की कुठं नवस बोललो नाही. नुसती दाढी केली आणि इस्त्रीचा युनिफॉर्म घातला.

सकाळी एअरबॅगच्या स्टेशनवरचा माणूस आला नाही. त्याच्या बायकोला दवाखान्यात न्यावं लागलं होतं. अर्थात त्याच्या जागी मी. ते स्टेशन नाजूक. सीटच्या कडेला एअरबॅग बोल्टनं आवळायची, आणि बोल्ट आवळायची गन अशी की शेजारच्या खाचेत लाडूवाल्या माणसाचं कार्ड घातल्याशिवाय ती चालूच होत नाही. कुठल्या सीटला कोणी बोल्ट मारला त्याची नोंद आपोआप होते. उद्या गाडी ठोकली आणि एअरबॅग उघडली नाही, तर कोणाला विचारायचं ते ठाऊक असावं म्हणून. हा नियम आमच्याकडे सानच्याच कंपनीनं आणला होता आणि सानच आम्हाला तो महिन्यातून एकदा समजावायचे.

सव्वाअकरा झाले. मी दोरी ओढली. पिवळा दिवा लागला. लीडर आला, इकडंतिकडं बघितलं आणि मग त्याच्या लक्षात आलं. पिवळा दिवा लागला की जो पळत यायचा तोच आज दिव्याखाली उभा होता.

"दहा मिनिटं लाइन थांबवा," मी म्हणालो.

"दहा मिनिटं? डोकं फिरलंय का राव? गाडीच्या कंपनीची लाइन थांबेल तिकडं."

साडेअकराला पाच कमी. माझे हात बोल्ट मारत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसायलाही हात मोकळा नव्हता. तेवढ्यात खांद्याला कोणीतरी धक्का दिला. सान. त्यांनी घड्याळ काढून खिशात टाकलं होतं, बाह्या दुमडल्या होत्या. माझ्या हातातून गन घेतली आणि म्हणाले, "गो. गो."

कार्ड खाचेत होतं. मी त्याच्याकडे बघितलं, त्यांनीही बघितलं. कार्ड काढलं तर गन बंद आणि लाइन बंद. बोर्डावर सानची ओळच नव्हती, सल्लागाराची कशाला असेल? सगळ्यांना लाडू देणाऱ्या माणसाच्या नावावर आमच्याकडे पाव वर्तुळही नव्हतं. हे आम्हाला दोघांनाही एका क्षणात कळलं, आणि तरी त्यांनी पुन्हा "गो" म्हटलं. मी कार्ड तिथंच ठेवून पळालो. नंतर सगळे मला विचारायचे, तुझ्या लक्षात नव्हतं का? होतं. पूर्ण लक्षात होतं.

मुलाखतीला तिघं होते. मधले साहेब चांगले बोलले. बसा म्हणाले, पाणी प्या म्हणाले. मी तीन वर्षांत पहिल्यांदा कामाच्या वेळेत बसून पाणी प्यालो. मग त्यांनी विचारलं, "तुमचं नेमकं स्टेशन कोणतं समजायचं?" मी सांगितलं, साहेब, नऊही. ते हसले आणि म्हणाले, बघू, कार्ड द्या, नंबर लिहून घेतो.

माझा हात छातीकडे गेला.

"खाली राहिलं साहेब."

उजवीकडे क्वालिटीचे साहेब बसले होते. तोवर ते मोबाइलमध्ये बघत होते. त्यांनी मान वर केली. "खाली म्हणजे? आज कुठं आहेस तू?"

"एअरबॅगला."

"आणि आता तिथं कोण आहे?"

मला खोटं बोलता आलं असतं. सुचलंच नाही. "सान," मी म्हणालो.

ते उठले, फोन लावला, आणि खोलीच्या काचेतून मला खाली लाइन थांबल्याचा लाल दिवा पेटलेला दिसला. कंपनीच्या नोंदीत मी त्या वेळी खाली बोल्ट मारत होतो आणि ऑफिसच्या नोंदीत वर खुर्चीवर बसलो होतो. जन्मात कुठंच जागा नसलेला माणूस एकदाचा दोन ठिकाणी होता.

सान उभे होते तेवढ्या वेळात तेरा सीट झाल्या होत्या. तेराही बाजूला काढल्या, उसवल्या, प्रत्येक बोल्ट पुन्हा तपासला. एकही सैल नव्हता. एकही जास्त आवळलेला नव्हता. पण त्याचा प्रश्नच नव्हता. सान सगळ्या लाइनसमोर क्वालिटीच्या साहेबांपुढं वाकले, मग लीडरपुढं, आणि मग माझ्याकडे वळून माझ्यापुढंही वाकले, इतके खाली की मला त्यांच्या डोक्यावरचा विरळ झालेला भाग दिसला. मला ते सहन झालं नाही. मी त्यांचा दंड धरून त्यांना सरळ करायला गेलो तर मॅडम ओरडल्या, "राहू दे! वाकू दे त्यांना." त्याही रडत होत्या.

पाहुण्याला कोण काय करणार? सान मुदतीच्या आधी परत गेले, एवढंच. कार्ड माझं होतं. ते दुसऱ्याच्या हाती सोडून जाणं म्हणजे सरळ घरी जाणं, आणि हे मला चांगलं ठाऊक होतं. यादी लागली तेव्हा तिच्यात सहाच नावं होती. त्यातल्या चौघांना काम मी शिकवलं होतं. चौघंही भेटायला आले, पेढे घेऊन. मी खाल्ले. त्यांचा काय दोष?

शेवटच्या दिवशी बोर्डावरची माझी ओळ पुसायला लीडर डस्टर घेऊन गेला. मार्करचा रंग तीन वर्षांत इतका मुरला होता की निघेना. शेवटी त्यानं वरून पांढरी चिकटपट्टी लावली.

सान जायच्या आधी मी त्यांना एकदाच भेटलो, बसच्या मागं. चेंडू त्यांच्या काखेत होता. मला वाटलं ते माफी मागतील, मला ती नको होती. पण त्यांनी मॅडमकडून एकच गोष्ट विचारून घेतली. म्हणाले, उद्या तुला कोणी विचारलं की काय येतं, तर काय सांगशील? मी सवयीनं म्हणालो, काहीही, कुठंही. सान एकदम भडकले. तोवर मी त्यांना चिडलेलं बघितलं नव्हतं. चेंडू जमिनीवर आपटून ते जपानीत भराभरा बोलायला लागले आणि मॅडम त्यांच्या मागं धावल्यासारख्या बोलत राहिल्या. "कुठंही नाही! एक सांग. एकच. बाकीचं विसर. खोटं बोल, पण एकच सांग. ते म्हणताहेत, मी तो हात वर केला नसता तर कदाचित बाकावर बसून कुजलो असतो, पण फॉरवर्ड म्हणून कुजलो असतो."

तिला मी फोनवर सगळं सांगितलं. रात्रंदिवस तोच विचार करून बसलो होतो की ती काय म्हणेल. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुम्ही कार्ड काढलं असतं तर?"

"तर लाइन थांबली असती."

"थांबू द्यायची ना मग," ती म्हणाली, आणि तिला हुंदका आला.

पण पोरगी चिवट. बापाशी भांडली, दोन दिवस जेवली नाही. शेवटी अडत्यानं अक्षय्य तृतीयेपर्यंतची मुदत दिली. तोवर कुठंही, कसलंही, पण कायमचं लेटर. नाहीतर दाराला कड्या बसवणारा.

दिवाळी झाल्यावर म्हाळुंग्याला दुसऱ्या एका कंपनीत लागलो. तिथंही सीटच. भरतीच्या वेळी विचारलं, काय काय येतं? मी सांगितलं, फक्त कव्हर ओढता येतं. बाकी काही नाही. त्यांनी लिहून घेतलं आणि मला कव्हरला उभं केलं. कव्हरवाल्यांत दोन जागा कायम होणार होत्या, महाशिवरात्रीनंतर. लीडर स्वतःच म्हणाला, हात चांगलाय तुझा, असाच एका जागी राहा. मी राहिलो. शेजारचा इस्त्री उलटी धरायचा, मी बघायचो नाही. पुढचा फोम तिरका बसवायचा, मी बघायचो नाही. रविवारी तिला सांगायचो, कव्हर ओढतो. ती म्हणायची, "अजून कव्हरच ना?" मी म्हणायचो, हो. मग ती हसायची. तीन महिने हे चाललं.

परवा एअरबॅगच्या स्टेशनवरचा माणूस चक्कर येऊन पडला. त्याला उचलून नेलं. लाइन थांबली. लाल दिवा लागला. सीटचे सांगाडे एकामागं एक जागच्या जागी उभे राहिले आणि सगळी माणसं हात खाली सोडून उभी राहिली. लीडरनं रिलीव्हरला हाक मारली, तो रजेवर होता. लीडरच्या कपाळावर घाम आला. त्यानं सगळ्यांकडे बघितलं आणि विचारलं, "एअरबॅगला उभं राहायला कोणाला येतं का?"

कोणी बोलेना. मी समोरच्या कव्हरच्या शिवणीकडे बघत राहिलो. मनात म्हणत होतो, आपल्याला नाही येत, आपल्याला फक्त कव्हर ओढता येतं, अक्षय्य तृतीया, अक्षय्य तृतीया. मशीनं बंद झाल्यामुळे इतकं शांत झालं होतं की पंख्याचा आवाज येत होता. लीडरनं पुन्हा विचारलं, या वेळी आवाज जरा रडवेला. "कोणालाच नाही का रे?"

माझा हात वर गेला.

लीडर धावतच आला. मला खांद्याला धरून त्यानं स्टेशनपाशी नेलं, गन हातात दिली; इथल्या गनला कार्ड लागत नव्हतं. मी बोल्ट मारला. दुसरा मारला. त्यानं वाकून नीट बघितलं, आणि त्याचा चेहरा असा उजळला की काय सांगू.

"आयला," तो म्हणाला, "आणखी काय काय येतं रे तुला?"